घर भाड्यानं देणं आणि निस्तरणं: डिपॉझिट, लाईटबिल, अ‍ॅग्रीमेंट वगैरे (सांगली-मिरज)

विश्रामबागवाली:
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं विश्रामबागला दुमजली घर आहे. वर आम्ही, खाली दोन वनबीएचके आणि मागच्या बाजूला तीन रूम, ज्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना कॉट बेसिसवर (एका खोलीत दोघं-तिघं, प्रत्येकाचं खाटेपुरतं भाडं) देतो. शिवाय शंभरफुटी रस्त्यावर एक फ्लॅट. हे सगळं आजवर सासरे बघायचे, म्हणजे एक लाल डायरी आणि बाकी सगळं डोक्यात, कोण कधी आलं, डिपॉझिट किती, मागच्या पाडव्याला भाडं वाढवलं का, कुणाची कुठली खिडकी लागत नाही, तोंडपाठ. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना बंद, त्यामुळं डायरी माझ्याकडं आली. नवरा म्हणतो तूच बघ बाई, माझा आवाज चढतो.

तर आता खालचं एक कुटुंब सात वर्षं राहून घर सोडतंय, कुपवाडला स्वतःचं बांधलं त्यांनी. माणसं चांगली, भाडं कधी चुकवलं नाही, दिवाळीला फराळाची देवाणघेवाण. पण घर बघायला खाली गेले आणि दारातच थबकले. ओट्यामागच्या टाइल्सवर तेलाचा पिवळा चिकट थर, बाथरूमचं दार खालनं कुजून सुटलेलं, सिंकखालचं प्लायवूड फुगून पुस्तकासारखं पानं पानं झालेलं, पंख्याच्या रेग्युलेटरची कळ गायब (ते पकडीनं फिरवायचे म्हणे), आणि बेडरूमच्या भिंतीवर पोरानं कमरेएवढ्या उंचीपर्यंत खडूनं जत्रा काढलीय. डिपॉझिट वीस हजार.

सासरे म्हणतात सगळं परत दे, सात वर्षं भाडं दिलं त्यांनी. नवरा म्हणतो रंगाचेच बारा-पंधरा जाणार, दहा तरी कापून घे. कागदपत्र म्हणाल तर पहिल्या वर्षीच्या नोटरीची झेरॉक्स डायरीत आहे, नंतर काही नाही, बाबांचं म्हणणं मी शब्दावर घर दिलं आणि शब्दावर परत घेतलं.

तुम्ही लोक काय करता? आणि रूमवाल्या पोरांचं लाईटबिल कसं वाटता, कारण तिथं दर महिन्याला तमाशा आहे.

वखारभाग:
स्वागत ताई. पहिलाच धागा आणि थेट आमच्या दुखऱ्या नसेवर.

आमच्याकडं सरळ हिशोब असतो, वापरून झिजलं ते मालकाचं, तोडलं फोडलं ते भाडेकरूचं. सात वर्षांत रंग तसाही तुम्हालाच काढायचा होता, त्यांच्याऐवजी तुम्ही स्वतः राहिला असतात तरी काढलाच असता, तेव्हा रंगाचे पैसे मागू नका. बाथरूमचं दार साधं फ्लश डोअर असेल तर ते पाण्यानं कुजणारच, आता पीव्हीसीचं बसवा आणि विसरा. रेग्युलेटर त्यांचा. प्लायवूडचं मात्र विचारा, गळतंय हे त्यांनी कधी सांगितलं होतं का. सांगितलं असेल आणि बाबांनी प्लंबर पाठवला नसेल तर गप्प बसायचं.

पाटील माधवनगर:
आमचं सरळ हाय. घर देतानाच सांगायचं, सोडताना एक महिन्याचं भाडं रंगाला जाणार, पटत असंल तर या न्हाईतर रामराम. पुढं कटकट न्हाई. लोक आधी कबूल करत्यात आणि जाताना तोंड वाकडं करत्यात पण लिहिलेलं असलं की गप देत्यात.

भाडोत्री:
पाटील साहेब, हा एक महिना वर्षभर राहणाऱ्यालाही आणि सात वर्षं राहणाऱ्यालाही सारखाच का हो? मी सांगलीत गेल्या काही वर्षांत चार घरं बदलली, नोकरीच तशी आहे, प्रत्येक मालकानं रंगाचे घेतले आणि त्यातल्या एकानंच रंग दिला. बाकीच्यांनी मी निघाल्यावर त्याच भिंतींवर पुढचा माणूस आणून बसवला. त्यातल्या एका घराखालच्या दुकानदाराशी माझी ओळख आहे म्हणून कळलं.

ताईंना एकच सांगणं, कापा किंवा कापू नका, पण त्यांच्यासमोर घरात उभं राहून बोला. फोनवर "बघते, कळवते" म्हणून दोन महिने लटकवू नका. आमच्यासारख्यांनी पुढच्या घराचं डिपॉझिट यातनंच भरायचं असतं, तिकडचा मालक थांबत नाही.

पाटील माधवनगर:
@भाडोत्री, रंग दिला न्हाई तर ते चुकीचंच. आमी देतो, बिल दावतो.

काळा कोट:
मी व्यवसायानं वकील. इथं सल्ला फुकट देतो म्हणून त्याची किंमत तेवढीच धरा. :)

डिपॉझिटचं वखारभाग यांनी बरोबर सांगितलंय, त्यात मी पडत नाही. पण ताईंच्या त्या नोटरीच्या झेरॉक्सवर बोलायलाच हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नव्हे. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कैद वगैरे झालेली मी बघितलेली नाही, ते सोडा, खरी गोम पुढं आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद उभा राहिला तर घर कुठल्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तो म्हणाला भाडं तीन हजार ठरलं होतं, तर तीन हजार. तुमच्या सासऱ्यांचा शब्द खरा असेल, पण कोर्टात तो समोरच्याच्या शब्दाखाली जातो.

"अकरा महिन्यांचं असलं की रजिस्टर लागत नाही" ही समजूत सांगलीत अजून घट्ट आहे. आपल्या राज्यात ती चालत नाही, अकरा असो की तीन, लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) नोंदवायचंच. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदवलेलं असलं तर फायदा असा की मुदत संपूनही माणूस बसून राहिला तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, दिवाणी दाव्याच्या वर्षानुवर्षांच्या तारखा टळतात, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते.

विश्रामबागवाली:
@काळा कोट, खर्च किती येतो हो? बाबांना तोच प्रश्न पडणार.

काळा कोट:
मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते मिळवायचं. नऊ हजार भाडं, अकरा महिने, तीस हजार डिपॉझिट धरलं तर अडीच-तीनशे रुपयांचं काम. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. वर एजंट घरी येऊन अंगठे घेतो त्याचे त्याच्या मर्जीप्रमाणे. सोळाशे ते अडीच हजारात सगळं होतं, निम्मं निम्मं वाटून घ्यायची पद्धत आहे. साठ महिन्यांपर्यंत एकदम करता येतं, दरवर्षी धावाधाव नको असेल तर तीन वर्षांचं करा, दरवर्षीची वाढ आतच लिहा.

कट्ट्यावरचा:
ते व्हॉट्सॲपवर फिरतंय की आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, ते खरं का?

काळा कोट:
तो केंद्राचा २०२१ चा नमुना कायदा. राज्यानं स्वीकारला तरच लागू. आपल्याकडं १९९९ चाच चालतो.

मीटर रीडिंग:
लाईटबिलाबद्दल मी सांगतो, कारण या विषयावर आमच्या वाड्यात मारामारी व्हायची बाकी होती.

ताई, तुमच्या तीन रूमला मिळून एक मीटर आणि आत सबमीटर (प्रत्येक रूमचा वापर मोजायला मालकानं बसवलेला छोटा मीटर) असणार. आता बघा, घरगुती दर टप्प्यांत असतो, पहिल्या १०० युनिटला एक दर आणि १०० च्या पुढं ३०० पर्यंत तो जवळजवळ दुपटीवर जातो. प्रत्येक रूमनं ८० युनिट जाळले तरी मेन मीटरवर २४० दिसतात, म्हणजे १४० युनिट महागाच्या टप्प्यात. पोरगं म्हणतं मी तर ८० च जाळले, मला स्वस्तातला दर लावा. तुम्ही म्हणता बिल तर एवढं आलंय, मी कुठनं भरू. दोघंही खरं बोलताय आणि म्हणून भांडण मिटत नाही.

यावर "दहा रुपये युनिट सरसकट" असं मालक लावतात, त्यात काही महिने मालकाला सुटतात आणि काही महिने खिशातनं जातात, पोरं मात्र गूगल करून दर काढतात आणि तुम्ही लुटताय म्हणतात. मी काय करतो, मूळ बिलाचा फोटो ग्रुपवर टाकतो, एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, जो आकडा येईल त्यानं प्रत्येकाचा सबमीटर गुणायचा. जिन्याचा दिवा आणि पाण्याची मोटर आधी वजा, ती माझी. फोटो टाकायला लागल्यापासनं आवाज बंद.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे स्वतंत्र मीटर. स्वतंत्र दार आणि स्वतंत्र स्वयंपाक दाखवता आला तर मिळतो, पण कॉट बेसिसच्या रूमला अवघड. खालच्या दोन वनबीएचकेला मात्र वेगळा आहे का बघा.

विश्रामबागवाली:
वनबीएचके दोन्ही मिळून एक मीटर आहे. :( बाबांनी २००३ साली घेतला तसाच. पोरांपैकी एकानं इंडक्शन आणलंय आणि एकजण रात्रभर काहीतरी मशीन चालवतो, संगणकाचं म्हणतो, गेम खेळतो का नाणी छापतो देव जाणे. टाकीची मोटर तर विचारूच नका. सकाळी पाणी आलं की वरनं मीच लावायची आणि मीच बंद करायची, एक दिवस शाळेत गेले विसरून तर अंगणात तळं आणि शेजारच्या काकू दारात.

मीटर रीडिंग:
मोटरला बॉल फ्लोटचा ऑटो स्विच बसवा, हजार-बाराशेत होतं. संसार वाचतो.

पाटील माधवनगर:
आणि बिल दिलं न्हाई तर सबमीटरची वायर काढायची. दुसऱ्या दिवशी पैसं हजर.

काळा कोट:
पाटील, हे इथं लिहिलंत ते लिहिलंत, करू नका. लाईट, पाणी तोडणं हा त्याच कायद्याच्या कलम २९ खाली मालकाचा गुन्हा आहे. भाडं थकवणाऱ्याची बाजू तुमच्या हातानं मजबूत होते आणि पोलीस स्टेशनात तो फिर्यादी, तुम्ही आरोपी.

पाटील माधवनगर:
बरं. न्हाई काढत.

कर्नाळ रोड:
तुम्ही रंग आणि रेग्युलेटरवर बोलताय, आमचं दुखणं वेगळं. आमचं घर नदीकडच्या भागात, २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पाणी आत. घर बघायला येणारा गाडीवरनं उतरायच्या आधी विचारतो "पाणी येतं का?" आणि तुम्ही काय सांगणार, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फुटांची धोका पातळी आणि २०१९ ला तर ५७ च्याही वर गेलं होतं हे इथल्या लहान पोराला माहितीय. भाडं विश्रामबागच्या निम्म्यानं घ्यावं लागतं.

२०१९ ला खालच्या मजल्यावर आमच्याकडं एक जोडपं आणि आजी होत्या. पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांचं सामान आम्ही सगळ्यांनी मिळून वर ओढलं, फ्रिज जिन्यात अडकला तो तिथंच सोडला. पाणी उतरल्यावर घरात गुडघ्याखाली गाळ, फ्रेमा फुगून दारं लागेनात, आणि स्विचबोर्डाच्या डब्यात हात घातला तर आतनं चिखल आणि गोगलगाय. वायरिंग सगळं नवीन केलं. त्यांनी त्या दोन महिन्यांचं भाडं दिलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही. पण नंतर खरी अडचण आली, पंचनाम्याच्या वेळी. मदत त्या घरात राहणाऱ्याला होती आणि त्यांच्याकडं तिथं राहतो असं दाखवायला एक कागद नव्हता, आधार गावाकडचं, रेशनकार्ड गावाकडचं, लाईटबिल माझ्या नावाचं. मी लिहून दिलं, शेजाऱ्यांनी सह्या केल्या, हेलपाटे घातले तेव्हा कुठं नाव लागलं. त्यामुळं ताई, अ‍ॅग्रीमेंट मालकासाठी असतं असं बाबांना वाटत असेल तर हे ऐकवा.

आता मी करारातच लिहितो: पाणी घरात शिरलं तर ते उतरून घर राहण्याजोगं होईपर्यंत भाडं नाही, वायरिंग आणि भिंती माझ्याकडं, सामान ज्याचं त्याचं. आणि दोन्ही खोल्यांचे बोर्ड छातीच्या वर घेतलेत. इलेक्ट्रिशियन हसला होता, २०२१ ला हसला नाही.

वखारभाग:
काही मालक रंग मारून पाण्याची रेष झाकतात आणि नवख्या माणसाला "इथं नाही येत" सांगतात. बाहेरगावच्या नोकरदारांनी फसू नये म्हणून सांगतो, रंग बघू नका, बोर्डाचे स्क्रू बघा, गंजलेले असतील तर समजा. नाहीतर सरळ शेजारच्या किराणावाल्याला विचारा.

गावभाग:
आमच्या वाड्यात उलटं आहे. आजोबांच्या काळापासनं दोन बिऱ्हाडं, भाडं महिना पंचेचाळीस रुपये. हो, पंचेचाळीस. कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, म्हणजे कॅल्क्युलेटर काढा आणि बघा किती होतात. दोन रुपयांच्या आत. कौलं शाकारायला मागच्या पावसाळ्याआधी जो खर्च आला तो या भाड्यात पुढची काही जन्म फिटणार नाही. एकाच्या नातवानं विश्रामबागेत फ्लॅट घेतलाय तरी इथलं कुलूप सोडत नाही. आणि महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस कुणाच्या नावानं येते, तर माझ्या.

काळा कोट:
कारण नसताना सलग सहा महिने वापर नाही हे दाखवता आलं तर कलम १६ मध्ये ताबा मागायला ते एक कारण आहे. कागद घेऊन कुणा वकिलाला भेटा, माझी जाहिरात करत नाही. भाड्याची पावती मात्र देत राहा, ती देणं बंधनकारक आहे.

मिरजेचा तंबोरा:
मिरजेत अजून एक प्रकार. दवाखान्यांमुळं कर्नाटकातनं माणसं येतात, पेशंट आत आणि नातेवाईक बाहेर, त्यांना आठवडा-पंधरा दिवसांची खोली हवी असते. आमच्या गल्लीत निम्मी घरं हेच करतात. रोजचे पैसे, आधारची झेरॉक्स, एक गॅस शेगडी. मी पण करायचो. पैसे महिन्याच्या भाडेकरूपेक्षा बरे सुटतात, पण मनाला लागतं. एक म्हातारा विजापूरकडचा, बायको ॲडमिट होती, निघताना हिशोब करायला बसलो तर म्हणाला पुढचे दोन दिवस पण धरा, पैसे दिलेत तर राहतो, घरी जाऊन एकटा काय करू. मी काही बोललो नाही, चहा ठेवला. आता महिन्यानंच देतो, नर्सिंगच्या दोन मुली आहेत.

परिचारिका मिरज:
तुमच्यासारखे द्यायला तयार असतात हेच नशीब. मी नोकरीला लागले तेव्हा दीड महिना रूम शोधत होते. एकटी मुलगी नको, नाईट ड्युटी नको, रात्री दोनला गेट कोण उघडणार. त्यात फोनवर पहिला प्रश्न आडनाव, दुसरा "तुमच्यात खातात का?" नाही खात म्हटलं तरी तिसरा प्रश्न येतोच, मूळ गाव कुठलं. एका ठिकाणी सगळं ठरलं, टोकन दिलं, संध्याकाळी फोन आला पाहुणे येणार आहेत, रूम देता येत नाही. ते पाहुणे अजून आलेले नाहीत, रूम महिनाभर रिकामी होती, मी रोज तिथनंच जाते.

कट्ट्यावरचा:
घर ज्याचं त्याचा नियम असतो हो. आमच्याकडं स्वयंपाकघर एकाच चौकात आहे, घरचे सोवळ्याचे, आम्ही आधीच सांगतो.

परिचारिका मिरज:
आधी सांगता ते चांगलंच. मी आडनावाबद्दल बोलत होते, चौकाबद्दल नाही.

वखारभाग:
कट्ट्यावरचे, त्यांचं बरोबर आहे. भाडेकरू पारखायचाच असेल तर नोकरीच्या ठिकाणी फोन करा, आधीच्या मालकाला विचारा, पोलिसांकडं माहिती भरा, महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर घरबसल्या भरता येते. आमच्याकडं ज्यानं भाडं बुडवलं त्याचं आडनाव ऐकून आईनं चहासोबत चिवडा दिला होता.

मिरजेचा तंबोरा:
😂 आणि वसुलीवाले पण सांगा. जुना भाडेकरू कुठल्यातरी कर्जाला तुमचा पत्ता देऊन जातो आणि तो गेल्यावर वर्षभर मोटारसायकलवरनं दोघं-दोघं येऊन तुम्हाला विचारतात तो कुठाय.

पुण्यात अडकलेला सांगलीकर:
ताई, शंभरफुटीच्या फ्लॅटचं बघा. सोसायटी असेल तर भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क लावतात, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ चा शासन निर्णय आहे. माझ्याकडनं दुप्पट मेंटेनन्स घेत होते, तो कागद दाखवला तेव्हा सेक्रेटरी काका माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत, पण कमी केलं. मात्र आपल्याकडच्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात, तिथं डीडमध्ये, म्हणजे अपार्टमेंटच्या मूळ दस्तात, काय लिहिलंय ते बघावं लागतं.

आणि भाडं कुणाच्या खात्यात येतं? घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर भाडं त्यांच्याच खात्यात घ्या, तुमच्या यूपीआयवर नको, सोयीचं असलं तरी. उत्पन्न त्यांचं. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, रंगाची बिलं असोत नसोत, त्यामुळं रिटर्न भरायला घाबरायचं कारण नाही.

भाडोत्री:
ताई, डिपॉझिटचं काय केलंत शेवटी? आमचा जीव तिथंच अडकलाय.

विश्रामबागवाली:
सांगते सांगते. शाळेच्या परीक्षा होत्या म्हणून गायब होते.

तुम्ही म्हणालात तसं घरात उभं राहूनच बोललो. त्या वहिनी आणि मी, दोघीच. बोलायच्या आधी त्यांनीच सांगितलं की सिंकखाली गळतंय हे त्यांनी बाबांना दोनदा सांगितलं होतं, आणि मी डायरी उघडली तर खरंच, एका पानावर "खाली नळ, प्लंबर" असं लिहून त्याला अर्धवट गोल केलेला. म्हणजे प्लायवूड आमचं. दार आमचं, रंग आमचा. रेग्युलेटर आणि खिडकीची एक काच त्यांची. टाइल्सच्या तेलाचं त्या म्हणाल्या मी घासून देते, मी म्हटलं राहू द्या, दोन बायका लावून करून घेते, त्याचे पैसे धरू. शेवटचं लाईटबिल यायचं होतं म्हणून मागच्या बिलाएवढे हजार बाजूला ठेवले, बिल आल्यावर उरलेले एकशे चाळीस परत पाठवले. एकूण सतराशे कापले. नवरा म्हणाला एवढेच? सासरे म्हणाले एवढे?

किल्ल्या घेताना ताबा मिळाल्याचं एका कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. हे बाबांना फारच लागलं, जेवताना बोलले नाहीत.

आता नवीन माणूस आलाय, बँकेत आहे, बायको आणि लहान मुलगी. यावेळी मी बाबांशी वाद घातला नाही, कर्नाळ रोड यांचा पंचनाम्याचा किस्सा वाचून दाखवला. ऐकलं, चष्मा काढला, म्हणाले बोलव तुझ्या एजंटला. एजंट आला मशीन घेऊन तर बाबांचा अंगठा लागेना. उजवा नाही, डावा नाही, कोमट पाण्यात बुडवून झाला, टॉवेलनं पुसून झाला. एजंट म्हणे वय झालं की रेषा झिजतात, रोजचंच आहे. शेवटी मधलं बोट लागलं. बाबा म्हणाले आयुष्यभर शब्दावर घर दिलं आणि आता माझं बोट खरं का खोटं हे डबडं सांगणार.

तीन वर्षांचं केलंय, दरवर्षी पाच टक्के वाढ आत लिहिली. घर देण्याआधी प्रत्येक खोलीचा, प्रत्येक बोर्डाचा, नळाखालच्या कपाटाचासुद्धा व्हिडिओ काढून दोघांच्या फोनवर ठेवलाय.

काळा कोट:
उत्तम. इंडेक्स टू ची (नोंदणी झाल्याचा उतारा) प्रिंट डायरीत लावा, बाबांना बरं वाटेल.

भाडोत्री:
सतराशे! ताई, तुमच्याकडं रूम रिकामी झाली तर कळवा.

पाटील माधवनगर:
आमी पण आता व्हिडिओ काढायचा म्हणतोय. पण पोरगं म्हणतंय आधी फोन बदला.

विश्रामबागवाली:
@मीटर रीडिंग, एक शेवटचं. वनबीएचकेसाठी वेगळ्या मीटरचा अर्ज करतेय. जुन्या मीटरवर थकबाकी नाही. नवीन मीटर भाडेकरूच्या नावानं घ्यायचा की आमच्या?

मीटर रीडिंग:
घरमालकाच्या नावानंच घ्या. भाडेकरूच्या नावानं घेतला तर तो सोडून जाताना नाव बदलायची परत पायपीट, आणि तो विसरला तर पुढच्याच्या गळ्यात. बिल मात्र त्याच्या मोबाईलवर जाईल असा नंबर नोंदवा, दर भाडेकरूला नंबर बदलायचा, ते ॲपवरनं होतं. अर्जाबरोबर घरपट्टीची पावती आणि वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागेल, तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनचाच हवा. जुन्या बोर्डातनं वायर वेगळी करायला अर्धा दिवस लाईट जाणार, तेव्हा पोरांच्या परीक्षा बघून तारीख ठरवा. कोटेशन आलं की आकडा इथं टाका, मला पण वाड्यात दोन घ्यायचेत.